डुक्कर फियाटचा भाव

वीरुपाक्ष आप्पांनी म्हातारपणी बाई ठेवली, अशी कुजबुज पाथरीत बरेच दिवस चालली होती. मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. आप्पांच्या दुकानातली घागर नाही असं घर त्या गल्लीत नव्हतं, आणि त्याच घागरीनं पाणी पिऊन आप्पांची बदनामी करायची म्हणजे जरा आवाज खाली घ्यावाच लागतो. कुणी म्हणे बाई सेलूची. कुणी म्हणे, सेलूची कसली, देवगाव फाट्यावर मास्तरीण हाय. पुरावा मात्र सगळ्यांकडे एकच. दुपारचं जेवण झालं की आप्पा घरामागच्या शेडमध्ये जातात, तिथल्या जुन्या मोटारीत बसतात, चारी काचा वर करतात आणि ओठ हलवत राहतात. मधेच मान डोलावतात. एकदा तर चक्क लाजले.

हे लाजणं पाहिलं होतं शेजारच्या कडूबाईनं. तिच्या मागच्या अंगणातून शेड दिसायचं. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं जरा जास्तच स्वच्छ दिसायला लागलं होतं.

"नागुबाई," कुंपणावरून ती आप्पांच्या बायकोला म्हणाली, "आप्पाला फोनवर बोलायला घरात जागा न्हाई का वं?"

"फोन तर हितं चार्जिंगला लावलाय."

"मंग दुसरा असंल," कडूबाई म्हणाली आणि निवडायला घेतलेल्या डाळीत खडा शोधू लागली.

नागुबाई घरात आली. ज्या माणसाला गिऱ्हाइकाला भाव सांगता येत नाही, तो बाईला काय सांगणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पण दुपारी शेडचं दार वाजलं की तिचे कान तिकडं जायचे ते जायचेच.

भाव न सांगता येणं ही आप्पांची जन्माची खोड. बापाकडून भांड्यांचं दुकान आलं, हातात कला आली. पोचा पडलेला हंडा लाकडी हातोडीनं असा उठवतील की पोचा कुठं होता ते मालकाला सापडू नये. पण जीभ आली ती लोण्याची. बाई नुसती कळशी उचलून "आप्पा, लेकीचं लगीन हाय" म्हणाली, की तिनं भाव विचारायच्या आधीच हे कमी करून मोकळे. एकदा एकीनं कमी करा म्हटलंच नाही, तर आप्पांनाच चुकल्यासारखं झालं. मागून तिला एक पळी फुकट दिली. शेवटी नागुबाईनं गल्ल्यापाशी पाट टाकला. आप्पा मागं ठोकत बसायचे, ती पुढं भाव करायची. दुकान त्या पाटावर उभं राहिलं, असं आप्पाच पाहुण्यांना सांगत.

मोटार आली तीही अशीच. सेलूच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात सत्तावन्न सालची फियाट सडत पडली होती. पुढची दारं उलटी उघडणारी, पुढं निघालेल्या नाकाडाची. जुनी माणसं तिला डुक्कर फियाट म्हणत. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. जिनवाल्याच्या घरी लग्न होतं. एक तांब्याचा बंब आणि रुखवताची भांडी यांच्या बदल्यात आप्पांनी ती उचलली आणि ट्रॅक्टरला बांधून दारात आणली.

नागुबाई उंबऱ्यातच उभी राहिली. "लिंगायताच्या दारात डुक्कर आणलंत?"

"आगं, नंदी म्हण," आप्पा म्हणाले आणि गंजलेल्या बॉनेटवर भस्माची तीन बोटं ओढली.

त्या नंदीनं आप्पांची कैक वर्षं खाल्ली. इंजिन परभणीच्या मेकॅनिकनं बसवलं, सामान हैदराबादच्या जुन्या बाजारातून आलं, कागदपत्रंही नव्यानं झाली. पत्रा मात्र आप्पांनी कुणाला शिवू दिला नाही. हंड्यावर चालते तीच हातोडी दारांवर चालली. डोळे मिटून तळहात फिरवायचे. हात अडला की तिथं पुन्हा ठोकायचे. रंगारी म्हणाला, आप्पा, हे कुणाच्या बापाला दिसणार न्हाई. आप्पा म्हणाले, हाताला कळतंय ना. शेवटी दुधी रंग चढला तेव्हा गाडी अशी दिसू लागली की लग्नाची वरात नुसती बघायला दारावर थांबायची.

मग लेक आली. शिवानी पुण्यात मसाल्याच्या कारखान्यात चार वर्षं नोकरी करून परतली होती. तिला स्वतःचं मिरची-हळदीचं कांडप टाकायचं होतं. जागा लागणार ती शेडचीच, आणि मशीनला तीन लाख.

"आप्पा, गाडी राहू द्या. मी भाड्यानं जागा बघते," ती म्हणाली.

"गाडी उभी राहून काय करती? मशीन फिरंल," आप्पा म्हणाले. एवढं बोलून ते हातोडी शोधायला गेले. हातोडी समोरच होती.

म्हणजे गाडी विकायची, हे ठरलं. तीनच्या खाली विकली तर गाडीही जाणार आणि मशीनही येणार नाही, हेही नागुबाईला स्पष्ट होतं. नवरा कोणत्या आकड्याला विकेल, याची मात्र तिला खात्री नव्हती. म्हणजे होती, तीच तर पंचाईत.

पहिला आला परभणीचा, रस्त्यांची कामं घेणारा एक गुत्तेदार. गॉगल कपाळावर चढवून म्हणाला, "बोला आप्पा, किती?"

आप्पांनी घसा साफ केला. "तुमी घरचे माणसं. तुमाला काय सांगायचं."

"दीड देतो."

"आधी चहा तर घ्या," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा 'घेऊन जा' म्हणायला लागला. नागुबाई कपबशी घेऊन मधे शिरली. "पावणं, आज सोमवार हाय. सोमवारी आमच्यात नंदी विकत न्हाईत." असा काही रिवाज गाडीला लागू आहे, हे आप्पांनाही त्याच दिवशी कळलं.

दुसरा नांदेडचा फोटोवाला. लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो काढायला त्याला गाडी हवी होती. आप्पांनी त्याला भाव सोडून सगळं सांगितलं. पावसात एकच वायपर चालतो. थंडीत दुसरा गिअर रुसतो. मागची काच मूळची नाही. डाव्या दाराला जोर लावला तर ते हातात येत नाही, पण येईल असं वाटतं.

"आप्पा, तुमी विकायलाव का भेवडायलाव?" फोटोवाला म्हणाला. "दोन."

"दोन म्हणजे वाईट न्हाई," आप्पा पुटपुटले. नागुबाईनं आतून पातेलं पाडलं. मोठं पातेलं. पाहुणा दचकून उठला, आणि आप्पा पोचा पडला का ते बघायला आत धावले.

त्या रात्री ताट वाढताना ती म्हणाली, "आवो, तुमी बाजारात मलासुदीक कमी भावात द्याल."

"तुला कोण घेतंय? लय बोलतीस."

हसण्यावारी गेलं. पण फोटोवाला गेल्यापासूनच आप्पांचं ते दुपारचं काचा लावून बसणं सुरू झालं, आणि कडूबाईच्या डाळीत रोज नवा खडा निघू लागला. एके दिवशी नागुबाई सरळ शेडमध्ये गेली. आप्पा आत बसलेले, बोट वर करून कुणाला तरी काही ठासून सांगत होते. बायको दिसताच बोट खाली आलं. उलटं दार घाईत उघडलं ते तिच्याच गुडघ्याला लागलं.

"काय करायलाव?"

"हवा घ्यायलोय."

"काचा लावून?"

आप्पा गाडीतून उतरले आणि दुकानात निघून गेले. नागुबाईनं गाडीत डोकावून पाहिलं. बाईचा केसही नव्हता, फोन नव्हता, डॅशबोर्डवर तिनंच चिकटवलेला बसवण्णा तेवढा होता.

मशीनवाल्याला आठवड्यात हो-नाही कळवायचं होतं, तेव्हा ताडकळसचा चंद्रभान आला. बडा शेतकरी, बैलांचा शौकीन. पण हल्ली नवरदेवांना बैलगाडी नको, जुनी मोटार हवी, म्हणून त्यानं वरातीला भाड्यानं द्यायला मोटार घ्यायचं मनात आणलं होतं. बरोबर बैलबाजारातला त्याचा दलाल आश्रुबा. मोटारीतलं आश्रुबाला काही कळत नव्हतं, पण सौदा म्हटला की चंद्रभान त्याच्याशिवाय हलत नसे.

दोघांनी गाडी बैलासारखीच पाहिली. आश्रुबानं आधी मागून फेरी घातली, बॉनेटवर थाप मारली, खाली बसून चाकं पाहिली, आणि पुढच्या जाळीत बोट घालून म्हणाला, "दात पुरे हाईत." मग चंद्रभाननं गाडी फाट्यापर्यंत चालवून आणली. येताना त्याला चेहरा लपवता येत नव्हता. माल आवडलेला माणूस जेवढा गंभीर होतो तेवढा तो गंभीर झाला होता.

"बोला आप्पा, काय घेनार?"

नागुबाई दाराशी आली. आज आपणच बोलायचं, काय म्हणायचं ते म्हणोत, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं. आप्पांचे ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले.

"तोंडात लाडू हाय का आप्पा?" आश्रुबा हसला.

"तुमी..." आप्पांनी सुरुवात केली. तुमी घरचे माणसं, हे पुढचं नागुबाईला पाठ होतं. तिनं उंबरा ओलांडला.

पण आश्रुबाचं लक्ष कुंपणाकडं गेलं होतं. तिथं कडूबाई डाळ नसलेलं सूप पाखडत उभी होती. "मालक, हितं बोलाल तर सांजच्याला भाव मानवतला पोचंल," तो चंद्रभानला म्हणाला. त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, झटकला. "आपल्या बाजारासारखं करा. रुमालाखाली. एक बोट म्हंजी लाख, पेर दाबलं तर पन्नास हजार. कबूल?"

दोघांनी माना हलवल्या. चंद्रभाननं आणि आप्पांनी हात पुढं केले, आश्रुबानं वरून रुमाल टाकला. नागुबाई जागच्या जागी थांबली. रुमालाखाली धन्याचा हात गेला की तिसऱ्यानं बोलायचं नसतं, हे तिला माहेरच्या बाजारापासून माहीत होतं. आता पातेलं पाडूनही उपयोग नव्हता.

रुमाल हलला. थांबला. चंद्रभान म्हणाला, "बघा बरं आप्पा." रुमाल पुन्हा हलला. चंद्रभान जरा हसला, "आप्पा, वायपर एकच चालतो म्हनं." आप्पांनी मान डोलावली, वायपर एकच चालतो हे त्यांना मान्य होतं, पण रुमालातला हात जागचा हलला नाही. नागुबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. डोळे मिटलेले. गाडीच्या पत्र्यावर तळहात फिरवताना असायचं तसंच तोंड. आणि त्या वेळी हा माणूस कुणाचं ऐकत नसे, रंगाऱ्याचं नाही, तिचं नाही.

चंद्रभाननं एकदा हात काढून घेतला, पाणी मागितलं, गाडीभोवती एक चक्कर मारली. आप्पांचा हात रुमालाखाली तसाच पुढं राहिला. चंद्रभान परत आला. रुमाल शेवटचा हलला.

"झालं," आश्रुबा म्हणाला आणि रुमाल उचलला.

"आप्पा," चंद्रभान बोटं चोळत म्हणाला, "बोलायला तुमी लोणी, पर हात ऐरणीचा हाय." त्यानं विसार म्हणून नोटा आप्पांच्या हातावर ठेवल्या. आश्रुबानं रुमाल डोक्याला गुंडाळला आणि आपली दलाली काय, ते चंद्रभानला तोंडानंच सांगितलं, अगदी मोठ्यानं.

ते गेल्यावर नागुबाई म्हणाली, "सांगा की आता. किती?"

आप्पांनी कुंपणाकडं पाहिलं. मग तिचा हात पदराखाली घेतला. एक बोट, दुसरं, तिसरं. आणि चौथ्याचं पेर. नागुबाईनं ते पेर पुन्हा दाबायला लावलं, खात्रीसाठी. मग शिवानीला हाक मारली, "मशीनवाल्याला हो म्हण गं."

गाडी ताडकळसला गेली. आप्पांनी शेड स्वतः झाडलं, आणि तिथं आता शिवानीचं कांडप दणदणतं. मिरची कांडायला लागली की कडूबाई शिंकून बेजार होते. भाव काही फुटला नाही, त्यामुळं गावात तो दोनपासून आठ लाखांपर्यंत कुठंही ऐकायला मिळतो. कडूबाईचं म्हणणं वेगळंच: गाडी गेली आणि आप्पांचं दुपारचं बोलणं बंद झालं, म्हणजे बाई होतीच.

सौदा झाला त्याच संध्याकाळी नागुबाईनं आप्पांना सरळ विचारलं होतं आणि आप्पांनी सरळ सांगितलं होतं. गाडीत बाई नव्हती, फोनही नव्हता. महिनाभर रोज दुपारी आप्पा काचा वर करून "साडेतीन लाख, एक रुपाया कमी न्हाई" हे वाक्य मोठ्यानं म्हणायची तालीम करत होते, आणि त्यांना ते एकदाही धड जमलं नव्हतं.