पाहुण्यासाठी काढलेलं पाणी

सिंदी मेघेतल्या त्या गल्लीत नळ आल्याचं नळाकडून कधीच कळत नाही, हरिभाऊ उमाट्यांकडून कळतं. उभी नोकरी देवळीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून माइकवर ओरडण्यात गेली. निवृत्तीनंतर माइक तिथेच राहिला, आवाज घरी आला. बनियनवर ओट्यावर उभे राहून ते पुकारतात, "नळ आले होऽऽ! नळ आले!" की बायका पाण्याचे गुंड, बादल्या घेऊन धावतात.

माणूस लाख मोलाचा, पण काळजीचा कारखाना. एखादी गाडी जरा लांबली की प्रवासी नुसते वैतागत. हरिभाऊ मात्र मनातल्या मनात ती गाडी पुलावरून खाली पाडत, जखमींना दवाखान्यात भरती करत, घरोघरी निरोपही धाडत. एवढ्यात गाडी धडधडत येई, आणि तिनं सुखरूप येऊन दगाच दिला अशा थाटात ते ड्रायव्हरवर खेकसत.

अशा माणसाच्या एकुलत्या लेकीचं, वेदश्रीचं, पहिलं बाळंतपण आलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यामुळे सातवा संपत आला तशी ती पुण्याहून निघायच्या तयारीला लागली. आणि नेमका तेव्हाच नळाच्या पाण्याला वास यायला लागला.

पहिली बादली चहाच्या रंगाची, दुसरी दुधाळ. समोरचे बाबाराव आठवडाभर दिसले नाहीत आणि दिसले ते झेंडूच्या फुलासारखे डोळे घेऊन.

"कावीळ झाली म्हंते डॉक्टर," बाबाराव म्हणाले.

"काऊन झाली पण?"

"पाण्यानं म्हंते. आता मी तं नळाचंच पेतो. तुमीच पुकारता, मी भरतो!"

हरिभाऊंना ते आपल्यावरच आल्यासारखं वाटलं. ते तडक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, दूषित पाण्यातली ही कावीळ इतरांना बहुतेक सोडून देते, पण गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. हरिभाऊ कात्रीत सापडले. लेकीला ये म्हणावं तर ही भीती, येऊ नको म्हणावं तर सासरचे काय म्हणतील? फोनवर ते नुसतेच "हं, हं" करत राहिले.

शेवटी आरोग्यसेविका पौर्णिमानं त्यांना एक छोटी बाटली आणून दिली. तळाला थोडं औषध होतं. "काका, नळ आले का सरळ तोटीखाली धरून भरजा. झाकण लावून ठेवा. उद्यापरवापर्यंत काळं पडलं तं पाणी खराब. मी येतो पाह्यले."

दुसऱ्या सकाळी नळ आले, पण हरिभाऊ पुकारण्यात गुंतले होते. बऱ्याच वेळानं आत आले तर बाटली भरून, झाकण लावून, फडताळात ठेवलेली. पत्नी पद्माबाईंनी भरली होती. हरिभाऊंनी बायकोकडे पहिल्यांदाच कौतुकानं पाहिलं.

मग त्यांनी फडताळासमोर खुर्ची टाकली. पद्माबाई म्हणाल्या, "अजी, अंडं नाई ते, उबवून राह्यले तुमी!" दोन दिवसांनी पौर्णिमा आली, तिनं बाटली उजेडात धरली. काळ्याचा मागमूस नव्हता. हरिभाऊंनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. "येजो बेटा! पाणी पास झालं!"

वेदश्री गाडीत बसली. गाडी अकोला सोडून पुढे आली तेव्हा हरिभाऊ स्टेशनला निघायला चपला घालत होते, आणि मनातला आनंद कुठे ठेवावा हे न कळून म्हणाले, "पाह्य, लोकं उगाच बोंबलतात. नळाचं पाणी कसं गंगेवानी निंगलं!"

"निंगनच," पद्माबाई पदर सावरत म्हणाल्या. "मी काय तसंच देतो का लोकाच्या हाती? उकळलं, लुगड्याच्या चार पदरांतून गाळलं, थंड केलं, मंग भरलं. उमाट्याच्या घरचं पाणी खराब निंगलं असतं तं गल्लीत तोंड दाखवता आलं असतं का?"

हरिभाऊ एका पायात चप्पल घालून उभे राहिले.

"पद्मे, पाणी तपासाले द्याचं होतं! तू तं पोरगी दाखवाची तसं पावडर लावून दाखवलं त्याले!"

"मले काय मालूम? पाहुण्याले आपण गाळूनच देतो ना!"

स्टेशनवर हरिभाऊंनी लेकीची बॅग उचलली. रिक्षात त्यांनी सगळं सांगून टाकलं. वेदश्री आधी पोट धरून हसली, मग आपोआप तिचा हात पोटावरून फिरू लागला.

"म्हणजे बाबा," ती हळूच म्हणाली, "पास झालं ते आईचं पाणी."

"हो."

"मग मी आईचंच पिणार. पण नळाचं पुन्हा तपासा."

पौर्णिमाकडून नवी बाटली आली. या वेळी हरिभाऊंनी ती स्वतः तोटीखाली धरली आणि त्या दिवशी पुकारायचं राहून गेलं. गल्लीतल्या बायका रिकामे गुंड घेऊन भांडायला आल्या, त्या बाटली पाहून तिथेच थांबल्या. दुसऱ्या सकाळी ती काजळीसारखी काळी झाली होती. ती ग्रामपंचायतीत सगळ्यांपुढे धरून बाबारावांनी तक्रार नोंदवली. पाइप दुरुस्तीची माणसं येतो म्हणाली आहेत. अजून आलेली नाहीत.

तोवर पद्माबाईंच्या चुलीवरचं पातेलं उतरत नाही, आणि हरिभाऊंचं पुकारणं बदललं आहे. "नळ आले होऽऽ! उकळल्याशिवाय कोणीही तोंडाले लावू नये! उकळल्याशिवाऽऽय..."

तेवढ्यात आत पेल्याचा आवाज झाला. पुकारणं अर्ध्यावर तुटलं.

"वेदू! कोणत्या भांड्यातलं घेतलं वं?"

"आईच्या, बाबा."

गल्ली वाट पाहत होती. हरिभाऊ आत जाऊन, पेल्याचा वास घेऊन, मगच बाहेर आले.