केळवणाचा पाला

रेशीमकिड्यांच्या शेडमध्ये शिरताना शिवकन्या उंबऱ्यातल्या चुन्यात दोनदा पाय द्यायची. धुतलेल्या हातांचा वास घेऊन बघायची. किड्यांना वास सोसत नाही म्हणून केसांना तेल नाही, कपड्यांना अत्तर नाही. चहा ओतून घ्यायची आणि विसरायची. बोलताना पेनाचं टोपण काढायची, लावायची. एका जागी बसलेली ती कुणी पाहिलीच नाही.

त्या महिन्यात तर नाहीच.

नेकनूरजवळ त्यांची दोन एकर तुती. वरच्या एकराला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. रेशीमकिड्यांना आता तयार खाद्य मिळतं, उन्हाळ्यात तेच देऊ, वरची तुती काढून टाकू, असं तिचा भाऊ अंगद म्हणत होता. ती तुती वडिलांनी लावलेली. वडील आता नाहीत.

शिवकन्या प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. प्रकल्पाला तिनं हाच प्रश्न घेतला. किडा खातो त्यातला नको असलेला नायट्रोजन युरिया होऊन रक्तात उतरतो. तो साचला तर रेशीम घटतं. खाद्यावरच्या किड्यात तो साचतो का, एवढंच बघायचं.

अंगद म्हणाला, "साचत असला तर तुतीला हात लावत न्हाई. न्हाई साचला तर काढतो. तू म्हणशील ते."

या शेवटच्या तीन शब्दांनी तिची झोप उडाली.

उजव्या ट्रेला पाला. डाव्या ट्रेला अंडी फुटल्यापासून फक्त खाद्य. तिची आई सत्यशीलाबाई ते शिजवून वड्या पाडायची आणि नाक मुरडायची. शिळ्या पिठल्यावर लेकरं पोसतेस, म्हणायची.

रोज सकाळी शिवकन्या दोन्ही ट्रेमधल्या एकेका अळीच्या पायाला सुई टोचायची. रक्ताचा पिवळट थेंब ज्याच्या त्याच्या नळीत धरायची. बर्फाचा थर्मास छातीशी धरून बीडची एसटी गाठायची. कॉलेजात नळीत औषध टाकलं की गुलाबी रंग यायचा. युरिया जास्त, तर रंग गडद. अळ्यांनी शेवटची कात टाकल्यावर डावी नळी रोज गडद होत गेली. तुती राहणार, असं तिला वाटू लागलं.

मग किडे कोष विणायच्या बेताला आले आणि दोन्ही नळ्या फिक्या पडल्या. सारख्याच. तिनं तीनदा तपासलं. घरी येऊन उभ्या उभ्याच सांगितलं.

"साचत न्हाई, दादा."

अंगद उठला. ट्रॅक्टर सांगायला गेला.

त्यानंतर सहाव्या दिवशी मायलेकी चंद्रिकांच्या जाळ्यांवरचे कोष तोडत होत्या. उजव्या ट्रेची चंद्रिका तोडून झाली. डावीवरचा एक टणक कोष आईनं कानाशी वाजवला आणि हसली. माझं केळवण पावलं, म्हणाली.

शिवकन्येचा हात थांबला. किडे चंद्रिकेवर चढायच्या आधी आई दर वेळी शेंड्याचा कोवळा पाला आपल्या हातानं घालायची. सासरी निघालेल्या लेकीला घालतात तसं केळवण. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शिवकन्येलाही, लहानपणापासून. इतकं ठाऊक, की नको म्हणायचं तिला सुचलंच नव्हतं.

"माय, डाव्या ट्रेला पण घातला?"

"त्यांना कावून वगळायचं? पिठल्यावर वाढल्या म्हणून त्या लेकी न्हाईत का?"

तुतीच्या पाल्यातच युरिया फोडणारं काहीतरी असतं. शिजवलेल्या खाद्यात ते नव्हतं. डावी नळी तुतीनंच फिकी केली होती.

सकाळपासून एक घरघर चालू होती. ती कुठून येते, ते तिला आत्ता कळलं.

ती अनवाणी धावली. अंगदनं तिला बघून ट्रॅक्टर थांबवायला लावला. मुळं वर करून ओळीच्या ओळी पडल्या होत्या. बांधाकडच्या अकरा ओळी तेवढ्या उभ्या होत्या.

"दादा, माझं चुकलं. साचतो. अजून एक बॅच घेऊ दे."

अंगदनं उपटलेलं एक मूळ पायानं उलटवलं.

"खालचा पाला तर या बॅचला सरला. आन् उजव्या ट्रेला कुठला घालशील?"

तिनं अकरा ओळींकडे बोट केलं. मग जाऊन पहिल्या ओळीपुढे मातीत बसली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तरी उठली नाही.

शेडमध्ये कोषांची पाटी उघडीच होती. डावी चंद्रिका अर्धी तोडायची राहिली होती.