शहाडपासून एक तास

माझा भाऊ गेला, तेव्हा आम्ही रडण्याआधी ट्रॅफिक बघितला. ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, माझ्या भाच्याने, मंदारने, माझा हात घट्ट धरला. मग त्याने खिशातून फोन काढला, नकाशा उघडला आणि म्हणाला, "आत्या, माजिवड्यापासून रांजनोलीपर्यंत सगळं लाल आहे गं." शेजारच्या बाकावरच्या बाई आमच्याकडे बघतच राहिल्या. बाप गेलाय आणि मुलगा रस्ते बघतोय, असं त्यांना वाटलं असणार. त्यांना समजावत बसायला वेळ नव्हता. आता महिना होऊन गेलाय, वेळच वेळ आहे, म्हणून इथे समजावते.

दादा म्हणजे श्रीधर, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. अडुसष्टाव्या वर्षीही मला चारचौघांत 'बेबी' म्हणून हाक मारणारा जगातला शेवटचा माणूस. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्याची उभी नोकरी झाली. आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही हे तिथे त्याचं काम होतं आणि घरी स्वभाव. भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेतानाही तो असा उभा राहायचा, की भाजीवाला आपणहून दोन काड्या काढून टाकायचा.

अशा माणसाच्या बायकोने, म्हणजे आमच्या सुलभावहिनीने, एक दिवस शाळेतून येऊन सांगितलं की मी बहाई झाले, म्हणजे दिल्लीत ते कमळाचं देऊळ आहे ना, त्यांच्या धर्माची. वहिनी प्राथमिक शाळेत शिकवायची. तिथल्या एका बाईंबरोबर ती प्रार्थनासभेला जात होती, हे दादाला ठाऊक होतं, पण त्याला वाटलं होतं भिशी असेल. तो हादरलाच. बायकोला कुणीतरी नादी लावलंय, आता आपणच जाऊन या लोकांचा बुवा शोधून त्याला उघडा पाडायचा, असं ठरवून तो पुढच्या सभेला गेला. पंचाईत अशी झाली की बुवाच सापडेना. यांच्यात पुजारी नाही, महाराज नाही, पाया पडून घेणारं कुणी नाही. कुणीही उठून प्रार्थना म्हणतं आणि खाली बसतं. दादा घरी येऊन आईला म्हणाला, "पकडायचं कोणाला तेच कळत नाही." त्यात त्या लोकांनी त्याला सांगितलं, की आम्ही म्हणतो म्हणून काही मानू नका, खरं काय ते ज्याने त्याने स्वतः शोधायचं असतं. दादाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माल तपासून घ्या म्हणत होतं. त्याने चार वर्षं तपासला. आणि चार वर्षांनी, तोंड वाकडं करून का होईना, पास केला.

आमच्या आईने हे प्रकरण फार शांतपणे घेतलं. तिने दादाला समोर बसवून विचारलं, "तुमचं म्हणणं, सगळे धर्म एकाच देवाकडून आलेत?" दादा हो म्हणाला. "मग आपला काय वाईट होता?" दादा म्हणाला, "वाईट नाहीच आई, तोही त्यातच आला." आई म्हणाली, "मग गणपतीत मोदकांना येशील ना?" दादा मोदकांना शेवटपर्यंत आला. दारू प्यायची नाही हा नियम आईला फार पसंत पडला. पण माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही हा नियम ऐकून ती काळजीत पडली. "मग दुपारी बोलायचं तरी काय?" असं तिने मला हळूच विचारलं होतं.

हा नियम आईपेक्षा मला जास्त नडला. मी बोलकी बाई आहे. सोसायटीत, नात्यात काय चाललंय ते मला कळतं आणि कळलेलं माझ्या पोटात राहत नाही. माहेरी जाऊन भावाजवळ मन मोकळं करायचं, तर "दादा, ती पहिल्या मजल्यावरची..." एवढं म्हणायची खोटी, की हा म्हणायचा, "बेबी, चहा घेतेस?" चहा यायचा. मी वेगळ्या बाजूने सुरुवात करायची. आधी त्या बाईचं कौतुक करायचं आणि मग "पण..." म्हणून थांबायचं. लगेच दुसरा चहा. वहिनी स्वयंपाकघरात हसत असायची. दादाच्या घरून मी कायम ॲसिडिटी घेऊन परत आले.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बहाईंचा महिना एकोणीस दिवसांचा असतो आणि दर महिन्याला ते एकत्र जमतात. त्याला ते मेजवानी म्हणतात. हा शब्द माझ्या मिस्टरांच्या कानावर पडला आणि ते दुपारपासून काही न खाता दादाकडे हजर झाले. मेजवानीचा क्रम असा, की आधी प्रार्थना, मग समाजाच्या कामाची सल्लामसलत, आणि शेवटी खाणं. आता ती सल्लामसलत असते घरातल्या घरात, म्हणजे बहाईंपुरती. पाहुणा आला तर त्याला उठवत नाहीत, सल्लामसलतच पुढे ढकलतात. इतके ते लोक सभ्य. प्रार्थना संपल्या. सगळे मिस्टरांकडे बघून हसले. मिस्टरही हसले. हे गेल्याशिवाय त्यांना बोलता येईना, आणि खाल्ल्याशिवाय हे जाईनात. बराच वेळ नुसत्या हवापाण्याच्या गप्पा झाल्या. अखेर शहाडच्या लालवानी आंटींनी डब्याचं झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "चलो, दाल पकवान ठंडा हो रहा है. बालवर्गाच्या सतरंजीचं पुढच्या महिन्यात बघू." लालवानी आंटी म्हणजे तिथल्या बहाईंमधल्या सगळ्यांत जुन्या. घरी परतताना मिस्टर मला म्हणाले, धर्म चांगला आहे, पण माणसं कामाचं काहीच बोलत नाहीत.

मार्चमध्ये दोघं उपास करायची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आमच्या उपासाला खिचडी, रताळी, वऱ्याचे तांदूळ असं रोजच्यापेक्षा जास्तच असतं, त्यामुळे मला ते बघवायचं नाही. संध्याकाळी दोघं गॅलरीत खजुराची वाटी मध्ये ठेवून सूर्याकडे बघत बसायची. वहिनी म्हणायची, "बुडाला." लॅबवाला दादा म्हणायचा, "अजून कड दिसतेय." तिने वाटीकडे नेलेला हात परत मागे यायचा. अशी ती दोघं. भांडायची नाहीत, पण एकमेकांना तपासायची.

वहिनी गेली ती अचानक. बहाई दहन करत नाहीत, पुरतात. शहाडच्या पुढे, नदीच्या अंगाला, त्यांना थोडी जागा मिळालेली आहे, तिथे तिला ठेवलं. शेजारची जागा दादासाठी राखली. माझ्या मिस्टरांना ते ऐकून कसंतरी झालं, पण दादाने फार सहज सांगितलं, जणू थिएटरात शेजारची खुर्ची धरून ठेवली आहे.

त्यानंतर दादा कल्याण सोडून लांब कुठे जाईनासा झाला. मंदार ठाण्यात राहतो. त्याच्याकडे दादा जायचा, पण मुक्काम नाही, चहा पिऊन परत. पुण्याला नाही, नाशिकला नाही, दादरलासुद्धा नाही. विचारलं की गुडघ्यावर हात ठेवायचा. गुडघे आहेत, वय आहे, मी मानलं. पण माझ्या केतकीचं लग्न दादरला होतं. मुलीला मांडवात मामाने आणायचं असतं, आणि माझ्या मुलीला एकच सख्खा मामा. तरी हा आला नाही. फोनवर म्हणाला, "बेबी, गुडघे साथ देत नाहीत गं." आमच्या एका लांबच्या भावाने केतकीला मांडवात आणलं. फोटोत तो भाऊ नवरीपेक्षा जास्त हसतोय. मी सहा महिने दादाशी बोलले नाही, आणि केतकीने तर मामाचं नावच टाकलं.

मग एक दिवस वाण्याच्या दुकानात कुणीतरी मला सांगितलं, की तुमचे दादा काल मलंगगडावर भेटले, बहाईंच्या बालवर्गाची पोरं घेऊन आले होते, पोरांच्या पुढे चढत होते. मी तशीच रिक्षा करून त्याच्या घरी गेले. त्याने दार उघडलं आणि माझं तोंड बघून म्हणाला, "चहा घेतेस?"

"गुडघे दाखव," मी म्हटलं.

त्या दिवशी त्याने मला सांगितलं. बहाईंचा नियम आहे, की माणूस जिथे मरेल तिथून तासाभराच्या प्रवासापेक्षा लांब त्याला न्यायचं नाही. जिथला तिथे, मातीला माती. "मी पुण्यात गेलो तर पुण्यात पुरतील. दादरला गेलो तर तिथेच कुठेतरी. दादरहून शहाडला तासात पोचतं का कुणी? तूच सांग. मला सुलभाशेजारी जायचंय."

मी म्हटलं, "अरे, लग्नाला यायचं होतं, मरायला नाही."

"कधी काय होईल सांगता येतं का?" तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "तू तेवढं बघशील ना, बेबी? तासाच्या आत?"

बघेन म्हणाले. रागावून म्हणाले, पण म्हणाले. तेव्हापासून त्याच्याबरोबर ती काळजी मलाही लागली. भावाला ताप आला की माणसं डॉक्टर बघतात, मी कल्याणच्या पत्रीपुलावरची गर्दी विचारायची.

आणि शेवटी झालं ते असं. छातीत दुखायला लागलं, मंदारने त्याला ठाण्याला हलवलं, आणि स्ट्रेचरवरून जाताना दादाचा एकच प्रश्न, "कल्याणात काय हॉस्पिटलं नाहीत?" तीन दिवसांनी तो गेला. बहाई मंडळी धावत आली, त्यांनी त्याला न्हाऊ घातलं, बोटात त्यांची प्रार्थना कोरलेली अंगठी घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं. लालवानी आंटी तयारीसाठी शहाडलाच थांबल्या होत्या. मी आणि मंदार शववाहिकेत बसलो. ड्रायव्हर कोनगावचा, आगरी. मी त्याला म्हटलं, भाऊ, तासात शहाड गाठायचंय. तो मागे वळून दादाकडे बघत म्हणाला, "मावशे, आता त्यांना कसली घाई हाय?"

मी त्याला सगळं सांगितलं. मग मात्र तो पेटला. नकाशावरचं लाल एव्हाना थोडं ओसरलं होतं, मानकोलीपर्यंत ठीक होतं. रांजनोलीला गाड्या जागच्या हलेनात, तेव्हा त्याने गाडी आतल्या रस्त्याला घातली. "माझा गाव हाय, टेन्शन नको घेव." आणि गावात वळतो तो समोर हळदीचा मांडव. अर्ध्या रस्त्यावर मांडव, उरलेल्या अर्ध्यावर डीजे आणि नाचणारी माणसं. आमची गाडी दिसल्यावर गाणं बंद झालं. अंगभर पिवळी झालेली माणसं हात जोडून बाजूला झाली. पण मांडवाचा खांब मध्येच होता. नवरदेवाच्या बापाने पोरांना हाका मारल्या, दोऱ्या सुटल्या, खांब उचलला, तो परत रोवला. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. सख्ख्या भाचीच्या लग्नाला न आलेला माझा भाऊ परक्याच्या हळदीला बराच वेळ थांबला होता. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडू. कल्याणात शिरायचा दुर्गाडीचा पूल लागायच्या आधीच तास संपला. मंदारने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मी दादाच्या पेटीवर हात ठेवून बसले. एवढी एकच गोष्ट त्याने माझ्याकडे मागितली होती...

शहाडला पोचलो तेव्हा खड्डा तयार होता, वहिनीच्या शेजारीच. मी उतरले आणि सरळ लालवानी आंटींच्या गळ्यात पडले. म्हटलं, आंटी, उशीर झाला, आता त्याला इथे ठेवता येणार नाही का?

आंटींना आधी काही कळेचना. मग त्या म्हणाल्या, "अगं बेबी, रो मत. तो तास हॉस्पिटलच्या दारापासून थोडाच मोजतात? शहराची हद्द संपते ना, तिथून मोजतात. ठाण्याची हद्द सोडल्यापासून मोजलं तर तुम्ही वेळेत आलात."

मला हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी डोकं भणाणलं. हद्दीपासून मोजायचं, तर मुंबईची हद्द मुलुंडला संपते. म्हणजे दादर चाललं असतं. मी कबरीच्या काठावर उभी राहून, सगळ्यांदेखत, त्याला म्हटलं, "दादा, चुकलास रे. लग्नाला येता आलं असतं तुला."

लालवानी आंटी माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चुकले नाहीत ते. हे हद्दीचं आम्हाला श्रीधरभाईंनीच शिकवलं. क्लास में. सुलभा गेली त्याच्या आधी."

मग एकाने प्रार्थना म्हटली, बाकीचे उभे राहिले. मला एक शब्द ऐकू आला नाही. त्याला माहीत होतं. तपासल्याशिवाय काही न घेणारा माणूस, नियम त्याला आमच्यापेक्षा पक्का ठाऊक होता. नियमाच्या भीतीने तो घरात बसला नव्हता. वहिनीला इथे ठेवून लांब जायला त्याचा पाय निघत नव्हता, एवढंच होतं. आणि त्या वयात बहिणीला असं सांगायची लाज वाटली, म्हणून आधी गुडघे पुढे केले, आणि गुडघे पकडले गेल्यावर देव.

गेल्या आठवड्यात केतकी बंगळुरूहून आली. तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं होतं. आल्या आल्या म्हणाली, मामाकडे जाऊ. आम्ही शहाडला गेलो. अजून दगड बसवलेला नाही, माती थोडी खचली आहे, आणि शेजारी वहिनीच्या मातीवर गवत माजलंय. केतकीने दोन्हीकडे वाकून नमस्कार केला, मग मधल्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, दोघांच्या मध्ये हातभर जागा सोडलीय गं."

मी म्हटलं, "तेवढं चालेल त्याला."