कागदावरची चार भोकं

शेगावात राहून मी गिटारची पेडलं बनवतो. पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचा, त्यासाठीचा हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा डबा. सर्किट मी स्वतः जोडतो, पण भोकं पाडायला स्टेशनकडच्या लेथवाल्या चाचांकडे जातो. माझ्या हातात ड्रिल सरळ चालत नाही, हे मी केव्हाच मान्य केलंय.

पूर्वी चाचा इंच-सुताच्या पट्टीने मोजून खुणा करायचे. मग मी कॉम्प्युटरवर डिझाइन शिकलो आणि मला शिंगं फुटली. डब्याचा नकाशा काढायचा, चार नॉबच्या भोकांचे मध्य ठरवायचे आणि प्रिंट डब्यावर चिकटवायची.

"आता मोजायचं नाही चाचा, खुणेवर फक्त ड्रिल टेकवायचं," मी ऐटीत सांगितलं.

"बरं बाबू," म्हणून त्यांनी पट्टी बाजूला ठेवली.

घरी आल्यावर सर्किटवर पक्के बसवलेले नॉबचे दांडे भोकांत जाईनातच. डबा वाया गेला. मी तो नेऊन चाचांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"माहा हात चुकला. नजर गेली आता."

मलाही तसंच वाटत होतं.

आठवड्याने दुसऱ्या डब्यासाठी प्रिंट काढायला पुन्हा त्याच झेरॉक्सच्या दुकानात गेलो. झेरॉक्सवाला दिवसभर ऑनलाइन फॉर्म छापतो. फॉर्मची चौकट कडेला कापली गेली की गिऱ्हाईक भांडतं, म्हणून प्रत्येक पान तो जरासं लहान करूनच काढतो, हे मला तेव्हा कळलं.

"सगळ्यायचंच करतो भाऊ, न सांगता," तो म्हणाला.

मी पट्टी लावली. नकाशातली शंभर मिलिमीटरची रेघ शहाण्णव भरली. डब्याच्या कडा गोलसर असतात, त्यामुळे चिकटवलेला कागद आखूड आहे हे लक्षातच आलं नव्हतं.

मला लाज वाटली. तसाच कागद घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी नाजूक काम बंद केलं होतं. एका गिऱ्हाइकाला माझ्यासमोरच परत पाठवलं. मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः रेघ मोजली, दोनदा.

"मंग माहा हात बरोबर होता?"

"अगदी खुणेच्या मधोमध होता, चाचा."

त्यांनी पट्टी कागदावर ठेवून दिली.

"आठ दिवस झाले, रोज सकाळी सुईत दोरा ओवून पाहून राह्यलो मी," ते म्हणाले. "रोज ओवल्या जाते. तरी वाटलं, तू कॉम्प्युटरवाला, तू कसा चुकशीन."