गुरुवारच्या रिकाम्या जागा

१८ जानेवारी २०२५, शनिवार. दोन जणांचे प्रवेश शुल्क ३,५४० रुपये, जीएसटी धरून. बोलणाऱ्याला शुल्क नव्हते, ऐकणाऱ्यांना होते. ऐकणारे म्हणजे मी आणि आमचे प्लँट मॅनेजर दिग्विजय घोलप. बोलणारा संघर्ष ओव्हाळ.

संघर्ष दापोडीचा. वडील ज्ञानदेव भोसरीला वेल्डर होते. हा चाकणला आमच्या कंपनीत ठेकेदारामार्फत चार वर्षे. लाइनवर किती माल पास झाला, किती रिजेक्ट झाला, ते कागदावरून कॉम्प्युटरवर चढवायचे, एवढेच त्याचे काम. ते आकडे कोणी वाचत नसे. म्हणून त्याने घरी बसून एक फ्रेमवर्क लिहिले. आकडे घातले की आलेख तयार. ज्याला हवा त्याने त्यातून आपल्या सोयीचा आलेख बनवावा. नाव ठेवले ‘फळा’. वर्षभरात आमच्या प्रत्येक लाइनवर त्याचा स्क्रीन लागला.

ठेका ३१ जानेवारीला संपत होता. कायम करायच्या यादीत घोलपसाहेबांनी त्याचे नाव पेन्सिलने लिहिले होते. डेव्हलपर लोकांच्या या कॉन्फरन्समध्ये बोलायची परवानगी एका अटीवर मिळाली. कंपनीचा एकही खरा आकडा दाखवायचा नाही.

ताथवड्यातल्या एका कॉलेजचे सभागृह भरले होते. संघर्ष सावकाश बोलला. “हे आकडे मी मनाने तयार केलेत,” हे त्याने दोनदा सांगितले. पडद्यावर तीन महिन्यांचा आलेख आला. मागून एकाने हात वर केला.

“भाऊ, मनाचे आकडे ना? मग दर गुरुवारी प्रॉडक्शन शून्य कसं?”

“गुरुवारी सुट्टी असते,” संघर्ष म्हणाला.

“आपल्याकडे असते, राव. मनातली कंपनी पण चाकणलाच काढली का?”

सभागृह हसले. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, हे तिथल्या बहुतेकांना लहानपणापासून माहीत. संघर्षही हसला. घोलप हसले नाहीत.

“अर्जुनराव, हे आपलेच आकडे आहेत.”

“तपासावं लागेल,” मी म्हणालो.

तपासायची गरज नव्हती. दर महिन्याचे रिजेक्शन माझ्या टेबलावरून जाते. पडद्यावरचा एकही आकडा आमचा नाही, हे मला बसल्या जागी दिसत होते. पण चौतीस वर्षांत मी कागदाशिवाय कशालाही हो म्हटलेले नाही. घोलप गाडी काढून निघून गेले.

चहाजवळ संघर्ष आला. “काका, कसं झालं?”

“चांगलं झालं.”

“साहेब न थांबताच गेले.”

“सोमवारी बोलू.”

“गुरुवार भरायला हातच गेला नाही हो माझा. आकडे बनवत गेलो, गुरुवार आला की पुढे.” तो पुन्हा हसला. मी चहा प्यालो.

सोमवारी मी तीन महिन्यांचे आकडे एकेक करून ताडून पाहिले. मंगळवारी दुपारी टिपण दिले: एकही आकडा जुळत नाही. घोलपांनी ते वाचले.

“बरं झालं. पण यादी काल सकाळीच हेड ऑफिसला गेली. पुढच्या वेळी बघू.”

पुढची यादी वर्षाने असते. गेलेल्या यादीची प्रत माझ्याकडे आली. पेन्सिलचे नाव खोडलेले होते.

३१ तारखेला संघर्ष ओळखपत्र जमा करायला माझ्याकडे आला.

“तुझं काही चुकलेलं नव्हतं,” मी म्हणालो. “तसं लिहून दिलंय मी.”

“तुम्हाला कधी कळलं, काका?”

“तिथंच. सभागृहात.”

त्याने ओळखपत्राची दोरी गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. “पोच द्या,” म्हणाला. मी पोच दिली. तो गेला. लाइनवरचे स्क्रीन चालू आहेत. मला काही वाटले असेल तर ते मला सांगता येत नाही. मी ऑक्टोबरमध्ये निवृत्त होतो.

त्या शनिवारी ताथवड्याहून डांगे चौकापर्यंत मी आणि संघर्ष एकाच रिक्षाने आलो होतो. पैसे त्याने दिले. माझ्या वाट्याचे चाळीस रुपये त्याला द्यायचे आहेत.