कॅनडाइतका आवाज

आमच्या आईचा आवाज अंतर बघून चढतो. मागच्या गल्लीतल्या मावशीशी ती फोनवर नेहमीसारखी बोलते. नागपूरच्या मामाशी बोलताना आवाज जरा वर जातो. पण कॅनडाहून माझ्या ताईचा फोन आला की आई गॅलरीच्या दारात उभी राहून असं काही ओरडते, की संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या काकू मला विचारतात, "काय गं, ताईचा खोकला थांबला का?"

फोनला लांब-जवळ सगळं सारखंच, हे सांगून मी थकले. फोनला असेल, गळ्याला नसतं. आपलं माणूस जितकं लांब, तितकी हाक मोठी, हे गळा फोनच्या कितीतरी आधी शिकलाय.

काल सकाळी मात्र ताईचा फोन आला आणि आई चक्क कुजबुजत होती. मी घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"काय झालं गं?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल! तिच्या मांडीवर बाळ आत्ताच झोपलंय."

मी पाय न वाजवता आत गेले आणि शिट्टी व्हायच्या आत कुकरखालचा गॅस बंद केला.