तळ्यावरचा सूर्यास्त आणि दादाचं ‘आत्ता’

आमच्या पुढच्या खोलीत तळ्यावरच्या सूर्यास्ताचा फोटो आहे. पाहुणे त्याच्यासमोर हटकून थांबतात आणि ‘तुम्ही काढलात?’ असं विचारतात. मी ‘हो’ म्हणतो. ही माझी अर्धी थाप आहे. आज उरलेला अर्धा भाग सांगून टाकतो.

पहिली मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली असतील. मी शाळेत भूगोल शिकवत होतो. सूर्य मावळत नाही, पृथ्वी फिरते, हे सकाळी पोरांच्या डोक्यात घालायचं आणि संध्याकाळी मावळता सूर्य पकडायला तळ्यावर धावायचं, असा माझा दुटप्पी कारभार. बदली होऊन गेलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून काचेच्या प्लेटांचा जुना कॅमेरा घेतला होता. त्याचा घड्यांचा चामडी भाता दोन ठिकाणी फाटलेला; तिथं मीच काळ्या कापडाची ठिगळं लावलेली. बाकी विद्या एका इंग्रजी पुस्तकातून. भिंगाचं भोक किती उघडावं, झडप किती वेळ उघडी ठेवावी, आणि ढग उठून दिसण्यासाठी भिंगापुढं पिवळी काच धरावी. काच मिळेना, म्हणून सूत रंगवणाऱ्या एका शेजाऱ्याला गळ घातली. प्लेटेवरचा मसाला धुतल्यावर काचेला सरसाचा स्वच्छ थर उरतो. तशी एक काच त्यानं पिवळ्या रंगात बुडवून दिली. साड्यांचे रंग मागणारे रोज येतात, उन्हाला रंग मागणारा पहिलाच भेटला, असं तो आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाला आणि बराच वेळ हसला.

एवढं करून फोटो काय यायचे? आभाळ डोळ्यांना भट्टीसारखं पेटलेलं आणि कागदावर नुसतं घोंगडं. बायकोनं एक फोटो उलटा धरून पाहिला आणि हा घासलेला तवा आहे की बिनघासलेला, अशी चौकशी केली.

दादा, माझा मोठा भाऊ, या बाबतीत काही बोलायचा नाही. तो गिरणीत हजेरी कारकून होता. खरं तर त्याला रेल्वेत गार्ड व्हायचं होतं. लेखी झालं, तोंडी झालं, मग तपासणाऱ्या साहेबानं टेबलावर लोकरीच्या लडी टाकल्या आणि लाल तेवढ्या वेगळ्या काढायला सांगितल्या. दादानं लालात तपकिरी मिसळल्या, हिरव्याही घातल्या. घरी येऊन ‘नापास’ एवढंच म्हणाला. सुताच्या गावात जन्मून लडी ओळखता येईना, असं आमचे एक काका सगळ्यांदेखत बोलले. तेव्हापासून आभाळ रंगलं की सारं घर गच्चीवर आणि दादा खाली. एकदाच मला म्हणाला होता, की तुम्ही सगळे माना वर करून जे बघता, ते काय असतं एवढं कळावं. दुसरं काही नको.

एका संध्याकाळी मी न्हाणीघरात प्लेट धूत होतो. दार बंद, शेजारी लाल कागद गुंडाळलेला कंदील. दादा गिरणीतून आला, पाय धुवायचे होते. मी त्याला चटकन आत घेऊन दार लावलं. तो सरळ बादलीवर धडकला.

“अरे, दिवा तरी लाव की.”

“लावलाय की.”

“कुठाय?”

कंदील आमच्या दोघांच्या मधोमध होता. मला त्याच्या उजेडात दादाच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येत होत्या. दादानं हात पुढं केला, कंदिलाच्या काचेजवळ नेला, आणि ऊब लागल्यावर थांबला. “हां,” म्हणाला, “आहे खरा.”

मी हातातली प्लेट तशीच धरून उभा. लाल उजेडात ती उघडी ठेवता येते, कारण तिला लाल दिसतच नाही, हे मी वर्षभर त्या पुस्तकात वाचत होतो. आणि वर्षभर रोज आभाळ लालभडक होईपर्यंत थांबून, नेमकं तेव्हाच ते तिला दाखवत होतो! भूगोलाचा मास्तर. मी दादाला हे सगळं सांगितलं.

“म्हणजे ती माझ्यासारखीच,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढूनच तळ्यावर नेलं. सूर्य अजून हातभर वर होता. या वेळेला मी एरवी भिंग पुसत बसलेला असायचो. माझ्या लेखी अजून काही सुरूच झालेलं नसायचं. दादानं पिवळी काच एका डोळ्याला लावली. मग हळूहळू सांगू लागला. आभाळ मागं सरलंय, ढग पुढं आलेत. या ढगाची सावली त्या ढगावर पडलीय. गिरणीचा धूर खाली आडवा झोपलाय आणि त्यातून उन्हाचे पट्टे विंचरल्यासारखे उतरलेत. मी त्याच्या बोटामागं बघत होतो आणि एकेक गोष्ट मला पहिल्यांदा दिसत होती. ढगांचे काठ फार तापलेत, उजेड कमी घे, म्हणाला. मी भोक बारीक केलं. सूर्य ढगाआड शिरला, तळ्यातल्या देवळाच्या कळसामागं पाणी पांढरं झालं.

“थांब... थांब... आत्ता.”

मी झडप दाबली.

मी आवराआवर करायला लागलो, तेवढ्यात आभाळ पेटलं. घाटावरची माणसं उभी राहिली. दादानं विचारलं, “आता काय चाललंय?”

“लाल झालंय.”

“लाल मला सांगू नकोस. कसं झालंय ते सांग.”

पोरांना सगळे खंड तोंडपाठ करून घेणारा मी, मला शब्द सापडेना. शेवटी म्हणालो, “काल कंदिलाजवळ हात नेलास ना, तसं. पण सगळं आभाळ.”

दादानं पश्चिमेकडं तळवा उचलला आणि तसाच धरून उभा राहिला. लोक बघत होते. मीही कॅमेरा खाली ठेवला.

फोटो कागदावर उतरला तेव्हा तो दादानं खिडकीशी नेऊन फार वेळ पाहिला. मग मला विचारलं, “तुम्हाला रोज हे दिसतं?”

“नाही दादा. तू दाखवीपर्यंत मला हे कधीच दिसलं नव्हतं.”

दादानं हातोडी शोधून आणली आणि भिंतीत खिळा त्यानंच ठोकला.